देवदाराच्या अकरा फळ्या

मार्फत शिरपूर (जैन), जि. वाशिम
२८ ऑगस्ट

आदरणीय राजपालदादा यांस,
धाकटा भाऊ सतीश याचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहायला कारण आहे. पण कारण आधी लिहू नये, आधी खुशाली लिहावी, असं मी सव्वीस वर्षं वर्गात शिकवत आलो आहे. म्हणून आधी खुशाली. इकडे सगळे बरे आहेत. बाबांची तब्येत बरी आहे. तुमची भावजय रत्नमाला बरी आहे. म्हैस मधे दोन दिवस खात नव्हती, आता खाते. सोयाबीन चांगलं आहे. तुमची आणि वहिनींची खुशाली कळवावी, आणि वहिनींचे गुडघे तिकडच्या थंडीत कसे आहेत तेही कळवावं. (फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर आपण दोघं हवामान बोलतो. तुम्ही सांगता, बर्फ आहे. मी सांगतो, ऊन आहे. मग दोघांचीही रेंज गेल्यासारखं होतं आणि आपण फोन ठेवतो. नऊ वर्षांत मला कुल्लूच्या बर्फाची इतकी माहिती झाली आहे की भूगोलाचे मास्तर रजेवर गेले तर तो तास मी घेतो. समोर असतात तर मी तू म्हणालो असतो, कागदावर तुम्ही.)

तुम्ही पाठवलेलं लाकूड मिळालं. फेब्रुवारीत मिळालं. पोच द्यायला सहा महिने लागले याची क्षमा असावी, पण नुसतं 'मिळालं' एवढं लिहून भागेल अशा रीतीनं ते मिळालं नाही. तुम्ही फौजेतून निवृत्त झालात, गावी न येता तिकडेच लाकडाच्या डेपोवर चौकीदार राहिलात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे तुमच्याकडून कधी काही आलं तर ते लाकूडच असणार, याचं मला नवल वाटलं नाही. तुमचा संदेश दोन ओळींचा होता. लाकूड पाठवलं आहे, देवदार आहे. पाण्यात, उन्हात, उघड्यावर शंभर वर्षं त्याला काही होत नाही. मी तो बाबांना वाचून दाखवला नव्हता. आधी लाकूड येऊ द्यावं असा विचार केला.

लाकूड आलं तो गुरुवार होता. त्याच्या आदल्या आठवड्यात बाबांना दम लागला म्हणून दोन दिवस वाशिमला दवाखान्यात ठेवलं होतं, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मी शिरपूरला शाळेत, रत्नमाला बचत गटाच्या बैठकीला आणि बाबा रामकिसनकडे दाढी करायला गेलेले, घराला कुलूप. अकराच्या सुमारास वाशिमहून राजू टेम्पोवाला गावात शिरला. पार्सलवर तुम्ही बाबांचं नाव घातलं होतं. (माझं घातलं असतं तर हे पत्र एका पानात संपलं असतं.) राजूनं पानठेल्यावर गाडी थांबवून विचारलं, "भिवाजीचं घर कोन्तं? त्यायचं लाकूड आनलं." त्याचा यात काही दोष नाही. त्याला पत्ता हवा होता, तो त्याला मिळाला. त्यानं फळ्या दारासमोर रचल्या आणि तो निघून गेला. पानठेल्यावरच्या लोकांनी मात्र आजारी म्हातारा, बंद घर आणि टेम्पोभर लाकूड या तीन गोष्टी एकत्र केल्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. लाकूड बाभळीचं नसून कापलेल्या सरळ फळ्यांचं आहे हे पाहून मास्तरनं बापासाठी काही कमी केलं नाही, अशी माझी स्तुतीही झाली म्हणतात.

आपल्याकडे मौतीला घरटी एक गोवरी जाते. तुम्ही तीस वर्षं बाहेर आहात म्हणून आठवण देतो. कोणी बोलवत नाही, कोणी सांगत नाही. बाई रचलेल्यातून एक गोवरी काढते, माणूस ती हातात घेतो आणि चालू लागतो. अर्ध्या तासात आपल्या दारासमोर ढीग झाला. रामराव शेतातून परस्पर आले. त्यांच्याजवळ गोवरी नव्हती, म्हणून त्यांनी कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा भारा आणला. मयत वाशिमहून यायची आहे असं ठरवून लोक भिंतीच्या सावलीत बसले. शेजारची हिरीबाई सगळ्यात मागे राहिली, कारण तिला आता फारसं दिसत नाही आणि ती भिंत चाचपत चालते. ती गल्लीच्या तोंडाशी असताना बाबा रामकिसनकडून बाहेर आले, तुळतुळीत दाढी केलेले. तिच्या हातात गोवरी पाहून त्यांनी विचारलं, "कोन गेलं वं, हिरे?"

"भिवाजी गेला म्हन्तेत."

"कोन्ता भिवाजी?"

"आपला. सतीश मास्तरचा बाप. चांगला होता बिचारा. जरासा हेकट होता, पन चांगला होता."

बाबा घराच्या मागच्या बाजूनं गेले, छपराखालच्या गोवऱ्यांतून एक काढली आणि पुढे येऊन लोकांच्या मागे उभे राहिले. (मी नंतर विचारलं, बाबा, असं काहून केलं? ते म्हणाले, "घरटी एक म्हनजे घरटी एक. आपल्या घरची राह्यली असती.") किती वेळ ते तसे उभे होते याबद्दल गावात मतभेद आहेत. रामराव पाणी प्यायला उठले, वळले, आणि त्यांना आपल्या मागे मयत गोवरी घेऊन उभी असलेली दिसली. त्यांनी शेजारच्याचा खांदा हलवला. मग एकेकानं वळून पाहिलं. बाबांनी आपली गोवरी ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "आलाच हा तं च्या घेऊन जा."

मला शाळेत फोन आला होता की मास्तर, घरी या. पुढे कोणी काही बोलेना. शिरपूर ते घर नऊ किलोमीटर आहे. त्या नऊ किलोमीटरबद्दल मी लिहिणार नाही. फक्त एवढं लिहितो की मधल्या पुलापाशी मी गाडी थांबवली आणि तुम्हाला फोन लावला. या वेळी उशीर करायचा नाही असं ठरवलेलं होतं. फोन लागला नाही आणि ते बरंच झालं, कारण दारात पोचलो तेव्हा बाबा बशीतून चहा पीत होते.

चहा एकशे सात माणसांचा झाला. साखर रामरावांकडून आणली. लोक हसत गेले, हिरीबाई मात्र बाबांच्या हाताला हात लावून बसली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "हेकट म्हनलं ते मनावर नको घेऊ." पण गोवऱ्या राहिल्या. मौतीसाठी घरातून निघालेली गोवरी परत घरात नेत नाहीत. रत्नमाला एकेका बाईला विनवत होती, आणि प्रत्येक बाई मान हलवून रिकाम्या हातानं जात होती. संध्याकाळी बाबांनी ढीग उपसला आणि गोवऱ्या परसात नीट रचल्या. गोवरीवर थापणारीची बोटं उमटलेली असतात, हे तुम्हाला आठवत असेल. बाबा प्रत्येक गोवरी हातात घेऊन बोटं पाहत होते आणि ही कोणाच्या घरची ते सांगत होते. त्यांचं बहुतेक बरोबर असावं. शेवटी त्यांनी स्वतः आणलेली एक गोवरी बाजूला ठेवली. ती काळी पडली होती आणि कडा झडल्या होत्या. ते म्हणाले, "हे तुया मायच्या हातची." आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती गोवरी तिचीच होती का, मला सांगता येणार नाही. तुमचं लाकूड उघड्यावर शंभर वर्षं टिकतं. कोरडी ठेवली आणि कोणी हात लावला नाही तर गोवरीही बरीच टिकत असावी.

मग बाबा तुमच्या फळ्यांपाशी बसले. एकीवरून त्यांनी हात फिरवला, वास घेतला आणि विचारलं, "राजपालनं धाडलं?"

मी हो म्हणालो.

"त्याले मालूम झालं असन."

"काय?"

"मी जाऊन राह्यलो म्हून. त्याले यायचं नसन, तं लाकूड धाडलं. बरं केलं. चांगलं लाकूड हाये."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला काही वाटलं नसतं. त्यांनी ते तुमची बाजू घेतल्यासारखं म्हटलं. मी लगेच सांगितलं की बाबा, हे लाकूड बाकड्यासाठी आहे. कायचं बाकडं, त्यांनी विचारलं. एसटीच्या थांब्यावरचं, मी म्हणालो. तुम्हाला बसायला.

थांब्याविषयी लिहायला हवं. बाबा रोज दुपारी एकला घरून निघतात आणि थांब्यावर जाऊन बसतात. वाशिमची गाडी दोनला येते. गाडी गेली की ते परत येतात. विचारलं तर म्हणतात, गाडी पाह्यतो. तिथं चिंचेखाली वीज मंडळाचा एक सिमेंटचा खांब आडवा पडून होता, त्यावर ते नऊ वर्षं बसले. जानेवारीत तो खांब उचलून नेला आणि उभा केला. (खांबाचं काम उभं राहायचं असतं, हे मान्य आहे.) तेव्हापासून बाबा उभे राहत होते, काठीला टेकून. गाडी लांबून दिसली की वाहक दारातूनच मान हलवतो, म्हणजे आज नाही. वाहक बदलले तरी जाणारा येणाऱ्याला हे काम सांगून जातो.

नऊ वर्षं का, हे तुम्हाला सांगायला नको. पण कागदावर एकदा लिहिलेलं बरं. आई गुरुवारी पहाटे गेली. तुम्ही सोमवारी आलात. मधे घाट बंद होता, बर्फ होतं. तुम्ही दारात बूट काढत होतात आणि बाबा आतून म्हणाले, "आता कायले आला?" तुम्ही एक बूट काढला होता. तो पुन्हा घातलात, दोन तास ओट्यावर बसलात आणि चारच्या गाडीनं गेलात. (फोन मी केला होता. त्याबद्दल खाली लिहीन.) बाबा त्या तीन शब्दांवर नंतर एकदाही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते थांब्यावर जाऊन बसले, एवढंच.

तर बाकडं. केनवडहून देवमन मिस्त्रीला बोलावलं. देवमन चाळीस वर्षं सागवान, बाभूळ आणि निंब यांवर जगला आहे. त्यानं फळी उचलली आणि त्याचा चेहरा पडला. "मास्तर, हे तं खोक्याचं लाकूड हाये. संत्र्याच्या पेट्या करतेत याच्या." मी त्याला तुमचा संदेश दाखवला. खोक्याचं लाकूड ते निराळं, बाजारात त्यालाही हेच नाव चिकटलेलं आहे, हे खरं हिमालयातलं, असं समजावलं. त्यानं रंधा मारला. रंधा लोण्यातून गेल्यासारखा गेला. इतकं मऊ लाकूड उघड्यावर टिकतं हे त्याला मानवेना. "जे कडक नाई ते टिकते कसं?" असं तो तीन दिवस विचारत होता. मी सांगितलं, त्यात तेल असतं. उधई लागत नाही, भुंगा लागत नाही, ओलं होऊन वाळलं तरी पीळ पडत नाही. तो म्हणाला, "माह्या बायकोच्या भावात बी लय तेल हाये, पन त्याले सगळं लागते."

रंध्याच्या छिलक्यांचा वास गल्लीभर पसरला, आणि हिरीबाई भिंत चाचपत आली. तिनं मूठभर छिलके नाकाशी धरले आणि ओरडली, "हे तं बाळंतकाढ्यातलं!" तिचं बरोबर होतं. काष्ठौषधीच्या दुकानात जो पुडा मिळतो त्यात देवदार असतो. गावानं हे लाकूड जन्मात पाहिलं होतं ते एवढंच, चिमूटभर, बाळंतिणीच्या काढ्यात. मग जी गर्दी बाबांच्या मौतीला आली होती तीच छिलक्यांना आली. हिरीबाईची नात मानोऱ्याला दिली आहे, तिचे दिवस भरत आले होते. तिला एक पिशवी गेली. उरलेले बायकांनी तुरीच्या कोठीत घातले, कीड लागत नाही म्हणून. कीड लागली नाही. पण आमच्या वस्तीतलं वरण एप्रिलपर्यंत औषधासारखं लागत होतं, आणि रत्नमाला ते तुमच्या नावानं वाढत होती.

बाकड्याला दहा फळ्या लागल्या. देवमननं सवयीनं साधे लोखंडी खिळे ठोकले. मार्चात एकदा अवकाळी शिंतोडा पडला आणि प्रत्येक खिळ्याच्या तोंडातून काळे ओघळ उतरले. काजळ घालून रडल्यासारखं ते बाकडं दिसू लागलं. या लाकडाला लोखंड चालत नाही हे मला आधी माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल. वॉर्निश लावलं, ते वाळेना. पंधरा दिवस वाळलं नाही. लाकडातलं तेल त्याला आतून ढकलत होतं. शेवटी खरवडून काढलं आणि जसं आहे तसं नेऊन चिंचेखाली ठेवलं. रामराव पाहायला आले. मी देवदार म्हणालो, ते देवाचं झाड म्हणाले, आणि बाबांना विचारलं, "काहो भिवाजी, तुमी तं देव मानत नाई ना?"

"म्हून तं खाली घेतला," बाबा म्हणाले आणि बसले.

ते डाव्या टोकाला बसतात. उजव्या टोकाच्या फळीत एक मोठी गाठ आहे. एप्रिलच्या उन्हात त्या गाठीतून डिंक सुटू लागला, मधासारखा, पारदर्शक. कोणाच्या लक्षात आला नाही. पहिल्यांदा त्यावर रामराव बसले, पांढऱ्या परीटघडीच्या धोतरानं, रिसोडला लग्नाला जायला. गाडी आली. रामराव उठले, म्हणजे त्यांनी उठायचं ठरवलं. वाहकानं घंटी मारली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आतल्या लोकांनी सल्ले दिले. धोतर की लग्न, असा प्रश्न होता. त्यांनी धोतर निवडलं. गाडी गेली. हिरीबाईनं वाटीभर गोडंतेल आणून ते सुटेपर्यंत पाऊण तास गेला, आणि तेवढ्यात बाबांनी आणि त्यांनी तीस वर्षांत बोलले नसतील एवढं बोलून घेतलं. त्यानंतर दोन शिक्षक, एक विमा एजंट आणि पंचायतीचा एक कर्मचारी असे चार जण अडकले. आता गावात म्हणतात, ज्याले घाई नाई त्यानं उजवीकडं बसावं. पण बाबा आता तिथं कोणालाच बसू देत नाहीत. कोणी टेकू लागलं की काठी आडवी धरतात आणि म्हणतात, "जागा गुतली हाये."

पावसात बाकडं चांगलं राहिलं. दोन महिने ते भिजतंय. फुगलं नाही, फाटलं नाही, शेजारच्या निंबाच्या खुंटाला उधई लागली पण याच्याकडे ती फिरकली नाही. एका पायाचं मात्र नुकसान झालं. मानोऱ्याच्या मुलीला काढा लागू पडला ही बातमी पसरल्यावर आसपासच्या तीन गावांच्या बायका गाडीतून उतरतात आणि पाय खरवडून नेतात. बाकडं जरा उजवीकडं कललं आहे. खाली चपटा दगड लावला आहे. रंगही बदलला. फेब्रुवारीत ते गव्हासारखं होतं. आता राखाडी, चंदेरी झालं आहे. बाबा म्हणाले, "सहा महिन्यात पिकलं. मले ऐंशी वर्स लागले." मग थोड्या वेळानं म्हणाले, "शंभर वर्स टिकन म्हन्ते. बसनार कोन?"

तरी लाकूड पाठवल्याबद्दल आभार. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार. थंडी सुरू होण्याआधी गुडघ्यांची काळजी घ्यावी.

आपला भाऊ,
सतीश

ता. क. : मुख्य कामाचं राहिलं. खिळे काढून पितळी स्क्रू बसवायचे आहेत. केनवडला, शिरपूरला, वाशिमला, कुठेच तेवढे लांब मिळाले नाहीत. डेपोवर मिळत असतील तर तीन इंची चोवीस पाठवावेत. पार्सलवर माझं नाव घाला. बाबांचं घालू नका.

ता. क. २ : वर बाबांची तब्येत बरी आहे असं लिहिलं ते पत्राच्या रीतीनं. डॉक्टर म्हणतात, हृदय तिसरा हिस्सा काम करतं. पाय सुजतात. थांब्यापर्यंत जाताना ते दोनदा खाली बसतात. मी हात धरला तर झटकतात. परसातल्या एकशे सात गोवऱ्यांवर त्यांनी ताडपत्री घातली आहे आणि संध्याकाळी ती उचलून खाली हात घालून पाहतात. गोवऱ्या कोरड्या आहेत.

ता. क. ३ : फोनविषयी लिहीन म्हणालो होतो. आईच्या वेळी डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं होतं, सगळ्यांना बोलवा. आई म्हणाली, राजपालले नको सांगू, बर्फातून येन तो. मी बुधवारी संध्याकाळी फोन केला. घाट मंगळवारी रात्री बंद झाला. तुम्हाला हे वार माहीत होते. त्या दिवशी दारात तुम्ही बाबांना सांगू शकला असता की सतीशनं उशिरा कळवलं. तुम्ही बूट घातलात. नऊ वर्षं मीही सांगितलं नाही. मागच्या रविवारी सांगितलं. सोमवारी बाबा एकऐवजी बाराला थांब्यावर गेले. तेव्हापासून बाराला जातात.

ता. क. ४ : लाकूड बाकड्यासाठी पाठवलं असं तू कुठेच लिहिलं नव्हतंस. ते मी बाबांना सांगितलं. त्या संध्याकाळी दुसरं काही सुचलं नाही. त्यांना ते पटलं नाही, हे त्यांनी मला कळू दिलं नाही; पण अकरावी फळी ते कोणाला देत नाहीत. तिचे मी शाळेच्या कपाटाला कप्पे करतो म्हणालो, देवमननं पाट मागितला, रत्नमालानं पोळपाट. ती त्यांनी आपल्या खाटेखाली ठेवली आहे. म्हणतात, "राजपालले इचारू. कायले धाडलं ते त्यालेच मालूम." कायले धाडलं होतंस, दादा? फोनवर सांगू नको. मला सांगून उपयोग नाही.

ता. क. ५ : वाशिमहून गाडी अजून दोनलाच येते. बाकडं उतरल्यावर डाव्या हाताला, चिंचेखाली. देवमन परवा तेल आणि कापूस घेऊन गाठीवरचा डिंक काढायला आला होता. बाबांनी काठी आडवी धरली. म्हणाले, राहू दे.